उपरणंवाल्याचा बारावा अंक

"उभी ठेवतोस की आडवी?" बाबांनी विचारलं.

"उभी," डॉ. सन्मती मगदूम म्हणाले. "प्रत्येक अंकाला वेगळी पिशवी आहे, खास मागवलेली. पाठीशी जाड पुठ्ठा. कपाटाला काच, काचेला कुलूप. आत जरा दमट हवा शिरली की बाहेर तांबडा दिवा लागतो."

"अस्सं. आणि वाचताना?"

"वाचताना काय?"

"वाचताना तू उभा असतोस की आडवा?"

डॉक्टर हसले. बाबा हसत नाहीत असं पाहून त्यांनी हसू आवरतं घेतलं. 

दूधगंगेच्या काठी, वस्तीपासून जरा लांब, हा लहानसा मठ आहे. मठ म्हणजे तरी काय, तर एक खोली, एक ओसरी, एक चिंचेचं झाड आणि एक भली मोठी पत्र्याची पेटी. त्या पेटीवरून लोक बाबांना पेटीबाबा म्हणतात. गावातली माणसं बाबांकडे येतात ती पोराचं लग्न जमेना, म्हैस आटली, असली गाऱ्हाणी घेऊन. पण अधूनमधून शहरातली एखादी गाडी धुरळा उडवत येते. तिच्यातून उतरणारा माणूस लग्नाचं विचारत नाही, म्हशीचंही नाही. तो विचारतो कॉमिकचं.

कारण पूर्वाश्रमी बाबांनी जे जमवलं, तसं कुणी जमवलं नाही. जुन्या सुपरहिरोंची ती थोराड कॉमिक्स हातात धरवत नाहीत, मांडीवर मावत नाहीत आणि कुठल्याही दप्तरात शिरत नाहीत. ती सगळी एके काळी या एका माणसाकडे होती. हा नाद असलेली मंडळी आजही त्यांचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावतात.

मग एके दिवशी त्यांनी ती सगळी वाटून टाकली. ज्याने मागितलं त्याला दिली. ज्याने मागितलं नाही त्यालाही दिली. का, असं विचारल्यावर म्हणाले, "वाचून झाली."

बस्स, एवढंच. मोठी माणसं अशी दोन शब्दांत मोकळी होतात आणि बाकीचे जन्मभर डोकं खाजवत बसतात.

आमचे डॉक्टर कोल्हापुरातले डोळ्यांचे नामांकित डॉक्टर. कुसळ आणि मुसळाची म्हण इथे जाणूनबुजून वापरत नाही, कारण माणूस खरोखर गुणी. हात हलका, जीभ गोड, गरिबाला नाडणार नाही. फक्त एका विषयात नाक वर असायचं, आणि तो विषय म्हणजे अग्निमेघ.

अग्निमेघ हा आपल्या भाषेतला एक जुना सुपरहिरो. निळा पोशाख, खांद्यांवरून मागे उडणारी पिवळी झूल, छातीवर ज्वाळेची खूण. दर मे महिन्याच्या सुट्टीत त्याचा एक महाअंक निघायचा. अंक कसला, उघडला की अर्धी चटई व्यापायचा! रंग तर असे की निळ्यावर बोट ठेवलं तर बोटाला लागेल असं वाटावं. डोंगर उचलायचा तर तो खरोखर डोंगराएवढा दिसायचा. लहान पानात तो मावलाच नसता. ज्याने कुणी हा आकार ठरवला त्याला पोरांचं मन कळत होतं, यात शंका नाही.

डॉक्टरांचे वडील, आप्पा, जयसिंगपूरचे किराणा दुकानदार. त्यांना अग्निमेघाची झूल फार आवडायची. ते म्हणायचे, "हा उपरणंवाला आज कुणाच्या लग्नाला निघालाय रे?" त्यामुळे मगदुमांच्या घरात अग्निमेघाला सगळे उपरणंवालाच म्हणत.

एवढा मोठा अंक एकट्याने वाचायची सोय नव्हती. दोघे भाऊ तो जमिनीवर पसरत आणि पालथे पडत. अण्णा, म्हणजे थोरला शीतल, डावीकडे. सन्मती उजवीकडे. अण्णाचं पान पटकन वाचून व्हायचं. धाकट्याला वेळ लागायचा, अक्षरं जुळवून वाचायचा तो. मग अण्णा हनुवटी हातावर टेकून थांबायचा.

"झालं?"

"थांब की... झालं."

तेव्हा कुठे पान उलटायचं.

आणि अंकाच्या मधोमध यायचं दोन पानांचं एकच चित्र. नाक कागदाला लागेल इतक्या जवळून ते अख्खं दिसायचं नाही. ज्याला आपल्या बाजूचं जेवढं दिसेल तेवढंच बघायचं, दुसऱ्याच्या पानाकडे डोळा वळवायचा नाही, हा नियम. डोळा वळवला तो चोर. दोघांचं पोटभर बघून झालं की अण्णा धाकट्याच्या कानाला तोंड लावून हळूच म्हणायचा, "पालट."

की लागलीच लोळणफुगडी. हा त्याच्यावरून पलीकडे, तो याच्याखालून अलीकडे. जागा बदलल्या, की चित्राचा उरलेला अर्धा भाग बघायला मिळायचा.

पालट म्हणायचा मान थोरल्याचा. तो शब्द आईला ठाऊक नव्हता, आप्पांना नव्हता, गल्लीतल्या पोरांना तर नव्हताच. कुणाला सांगितलं तर जीभ झडेल, अशी शपथ होती.

असे अकरा महाअंक निघाले. अकराव्याच्या शेवटी अग्निमेघाची सगळी शक्ती गेली. उपरणं फाटलं. गडाच्या कड्याला तो एका हाताने लोंबकळत राहिला आणि खाली लिहिलं होतं, पुढील अंकी. बारावा छापला म्हणे, पण त्याच सुमारास छापखाना बंद पडला. थोडेफार अंक बाहेर आले, बाकीचे कुठे गेले देव जाणे. मगदुमांच्या घरी तो कधी आलाच नाही.

उपरणंवाला तेव्हापासून लोंबकळतोच आहे.

"बाबा, अकरा आहेत माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले. "एकाही पानाला डाग नाही. टाचण्यांनासुद्धा गंज नाही."

"छान."

"असे अंक दुसऱ्या कुणाकडे नाहीत."

"नसतील."

"एवढी वर्षं लागली जमवायला. मुंबई, इंदूर, हैदराबाद... कुठं कुठं गेलो."

"गेला असशील. तुझ्या डोळ्यांत दिसतंय. नाद खरा आहे तुझा," बाबा म्हणाले. ते मनापासून म्हणाले, आणि डॉक्टरांना उगाचच भरून आलं. "मग आता काय राहिलं?"

"बारावा."

चिंचेवर पोपटांचा कलकलाट चालला होता. बाबा तो ऐकत बसले...

"बारावा मिळाला तर काय करशील?"

"संच पुरा होईल."

"मग?"

"मग..." डॉक्टर थांबले.

"मग काचेला कुलूप," बाबांनीच वाक्य पुरं केलं. त्यात टोमणा नव्हता. पाऊस पडला की चिखल होतो, असं सांगावं तसं ते म्हणाले.

"तुमच्याकडे तो आहे असं कानावर आलं, बाबा. खरं आहे का?"

"आहे."

 आता एवढा जाणता माणूस, पण दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मुंजीतल्या बटूसारखा ताठ बसला.

"तुम्ही म्हणाल ते देतो. ओसरीचं छप्पर गळतंय, नवं घालून देतो. नदीला पायऱ्या बांधून देतो."

"छप्पर मला आवडतं. रात्री चांदण्या दिसतात."

बाबा उठले. पेटीचं झाकण दोन्ही हातांनी वर केलं. आत घोंगड्या होत्या, थंडीत गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना द्यायच्या. वरच्या दोन घोंगड्या त्यांनी बाजूला केल्या आणि अंक बाहेर काढला. पिशवी नाही, पुठ्ठा नाही. घोंगड्यांची ऊब लागलेला नुसता अंक.

तोच निळा. तीच ज्वाळेची खूण. वर पिवळ्या अक्षरांत, महाअंक बारावा.

डॉक्टरांनी खिशातून पांढरे हातमोजे काढून हातात चढवले.

"हाताला काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. कागदाला घाम लागू नये म्हणून."

"माझा लागलाय. माझ्या आधीच्याचाही लागलाय. तुझा काय निराळा आहे?"

डॉक्टरांनी मोजे काढले नाहीत. अंक त्यांनी असा घेतला की जणू ओली बाळंतीण आपलं मूल पहिल्यांदा कुणाच्या हातात देते आहे. कोपरे पाहिले. टाचण्या पाहिल्या. पाठ पाहिली. चेहरा उजळत गेला. आणि मग तो एकदम पडला.

"घडी!"

मुखपृष्ठाच्या बरोबर मध्यातून आडवी घडी गेली होती. अंक कुणीतरी दुमडला होता. अग्निमेघाच्या पोटावरून पांढरी रेघ उमटली होती आणि तिथला रंग उडाला होता. आतल्या प्रत्येक पानावर तीच घडी.

"अरे देवा... कुठल्या गाढवानं केलं हे? इतका दुर्मिळ अंक, आणि दुमडला? धोतर आहे का हे, घडी घालायला?"

बाबांनी बाजूला केलेल्या घोंगड्या सारख्या केल्या. 

मग म्हणाले, "पुस्तक मोठं होतं. पिशवी लहान होती."

डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला.

हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं होतं. याच शब्दांत.

आप्पा मिरजेला दवाखान्यात होते. दोघे भाऊ पाळी लावून उशाशी बसायचे. एका दुपारी डॉक्टर वॉर्डात शिरले, तर आप्पा हसत होते. कित्येक दिवसांनी हसत होते. त्यांच्या पोटावर अग्निमेघाचा सहावा महाअंक पसरलेला, आणि अण्णा एकेका चित्रावर बोट ठेवून वाचून दाखवत होता. "बघा आप्पा, निघाला उपरणंवाला लग्नाला." डॉक्टरांना आप्पांचं हसू दिसलं नाही. त्यांना घडी दिसली. अण्णाने तो अंक मधोमध दुमडून डब्याच्या पिशवीत घालून आणला होता.

"पुस्तक मोठं होतं रे. पिशवी लहान होती," अण्णा म्हणाला होता.

त्यावर डॉक्टर जे बोलले ते अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. अडाण्याच्या हातात पुस्तक दिलं की असंच व्हायचं, असं म्हणाले ते. ज्या अण्णाने बारावीनंतर कॉलेजचं नाव काढलं नाही आणि धाकटा डॉक्टर व्हावा म्हणून गुळाच्या ढेपा उचलल्या, त्या अण्णाला. आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचा हात मात्र त्या घडीवरून फिरत राहिला, वरून खाली, खालून वर.

पुढे आप्पा गेले. घर, दुकान, शेत, कशावरूनही तंटा झाला नाही. भाऊ भावाला फसवणारे नव्हतेच. पण डॉक्टरांनी महाअंकांची वाटणी मागितली. अण्णा म्हणाला, "सगळे ने की. मला काय करायचेत?" डॉक्टर म्हणाले, "मला दान नको, वाटणी हवी." मग विषम आकडे धाकट्याला, सम आकडे थोरल्याला. जगात अशी वाटणी दुसऱ्या कुणी केली नसेल. गोष्ट पहिल्या अंकात सुरू व्हायची आणि दुसऱ्यात संपायची, तिसऱ्यात सुरू व्हायची आणि चौथ्यात संपायची. वाटणी अशी झाली की एकाकडे नुसत्या सुरुवाती आणि दुसऱ्याकडे नुसते शेवट.

डॉक्टरांनी नंतर सगळे सम अंक बाहेरून विकत घेतले, कोरे करकरीत. जयसिंगपूरला जायचं टाळायला माणूस हैदराबादपर्यंत जाऊ शकतो. अण्णाशी बोलणं मात्र तेव्हापासून बंद.

"हा अंक तुमचाच का, बाबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझं काय आहे इथं? पेटीसुद्धा ग्रामपंचायतीची आहे."

"मग कुणाचा?"

"एकानं आणून ठेवला. म्हणाला, कुणी विचारत आला तर द्या."

"कुणी म्हणजे कुणीही?"

"विचारत आला तर."

"नाव काय त्याचं?"

"नाव मी विचारलं नाही. चहा विचारला."

डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी ती झटकून टाकली. छे! अण्णा कुठून आणणार हा अंक? त्याला मीठ-मिरचीतून सवड कधी मिळायची? आणि पिशवी लहान होती, हे काय कुणीही म्हणेल.

"मी घेऊन जाऊ हा?"

"ने. पण आधी वाच."

"घरी जाऊन निवांत वाचतो ना."

"घरी कुलूप आहे."

बाबांनी पेटीतली एक घोंगडी काढली, ओसरीवर पसरली आणि अंक तिच्यावर ठेवला.

"पालथा पड."

डॉक्टरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ड्रायव्हर गाडीपाशी टेकून फोनमध्ये डोकं घालून उभा होता. इस्त्रीची विजार, पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशात सोनेरी पेन.

"बसून वाचलं तर नाही का चालणार?"

"बसून बघ की."

डॉक्टर बसले. अंक मांडीवर घेतला तर दोन्ही बाजूंनी खाली लोंबायला लागला. जमिनीवर ठेवून वाकले तर कंबर बोलायला लागली. उभं राहून वाचायचं तर अक्षरं लांब गेली. शेवटी त्यांनी पेन काढून बाजूला ठेवलं. मोजे काढले, कारण मोज्यांनी पान उलटेना. आणि घोंगडीवर पालथे पडले.

इथून पुढे त्यांना अहोजाहो करणं अवघड आहे. पालथ्या पडलेल्या माणसाला कोण अहोजाहो करतं?

सन्मती वाचायला लागला.

पहिल्याच पानावर उपरणंवाला कड्याला लोंबकळत होता, जसा इतकी वर्षं लोंबकळत होता तसाच. बोटं सुटत चालली होती. खाली ढग. वर घारी घिरट्या घालत होत्या. छापखान्याच्या शाईचा जुना, आंबूस वास नाकात शिरला आणि सन्मतीचं वय कुठल्या कुठे गेलं. दवाखाना गेला, कपाट गेलं, काचही गेली. मे महिन्याची दुपार, माजघरातली गार फरशी आणि आईने सोललेल्या फणसाचा वास तेवढा राहिला. किती सुंदर काढलं होतं ते सगळं! खडकाची एकेक भेग, ढगाची एकेक कड. उपरणंवाल्याच्या कपाळावरचा घामाचा थेंबसुद्धा बोराएवढा.

तो वाचत राहिला. पाय हवेत वर झाले होते आणि हलत होते, त्याचं त्याला भान नव्हतं.

पान संपलं. तो थांबला.

"झालं," तो म्हणाला आणि मग त्याने पान उलटलं.

पुन्हा पान संपलं. पुन्हा तो थांबला.

"झालं."

"कुणाला सांगितलंस?" बाबांनी ओसरीच्या खांबाशी बसून विचारलं.

"अं?"

"झालं म्हणून कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही." त्याचे कान तांबडे झाले. "सवय आहे लहानपणची."

"बरं."

वारा आला, चिंचेची बारीक पानं घोंगडीवर पडली. सन्मतीने अंकावरची पानं हाताने झाडली. उघड्या, घामेजल्या हाताने.

"घोंगडी मोठी आहे," बाबा म्हणाले. "मधे सरक की. एका कडेला का पडलास?"

सन्मतीने पाहिलं. अंक घोंगडीच्या मधोमध होता आणि तो मात्र उजवीकडे, इतका कडेला की एक कोपर बाहेर जमिनीवर. डावीकडे माणूसभर जागा मोकळी सोडलेली.

"ती जागा कुणाची?"

"कुणाची नाही."

"मग सरक."

सन्मती सरकायला गेला... आणि सरकला नाही. का ते त्याला सांगता आलं नसतं. तिथे सरकणं म्हणजे कुणाच्या तरी अंगावर सरकणं, असं काहीतरी त्याला वाटलं.

बाबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांचा मोठेपणा हाच, की कुठं थांबायचं ते त्यांना कळे.

त्याने पान उलटलं.

मधलं चित्र आलं.

उजव्या पानावर उपरणंवाला होता, कड्यावरून सुटलेला. दोन्ही हात खडकावरून निसटलेले, शरीर खाली झेपावलेलं. ज्याने उभ्या जन्मात सगळ्यांना वाचवलं, त्याचे डोळे पोरासारखे भ्यालेले होते. एक हात वर, डावीकडे गेलेला. आणि दोन पानांच्या शिवणीवरून, पलीकडच्या पानातून, एक हात आला होता. त्या हाताने त्याचं मनगट घट्ट पकडलं होतं.

उघडा हात. बाही नाही, पोशाख नाही, खूण नाही. साध्या माणसाचा हात, नखं झिजलेला.

घडीची पांढरी रेघ बरोबर त्या मनगटावरून गेली होती.

कुणाचा हात आहे, हे डावीकडच्या पानावर होतं. मान नुसती एवढीशी वळवली असती तर दिसलं असतं. ज्याच्यासाठी मुंबई, इंदूर, हैदराबाद पालथं घातलं, ते आता वीतभर अंतरावर होतं.

सन्मतीने मान वळवली नाही.

तो त्या हाताकडे बघत राहिला. झिजलेल्या नखांकडे. ढेपा उचलून, पोती ओढून नखं अशीच होतात...

पोपट उडून गेले. पलीकडे नदीत कुणीतरी जनावरं धूत होतं, त्यांचे हाकारे ऐकू आले आणि थांबले.

"अडलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग बघ की पलीकडे."

"थांबा जरा."

"कशासाठी?"

"अजून..."  कोल्हापूरचे डोळ्यांचे नामांकित डॉक्टर, आणि त्यांना समोरचं पान धूसर दिसायला लागलं. "अजून त्यानं म्हटलेलं नाही."

"कुणी?"

 सन्मतीने घोंगडीच्या लोकरीत कपाळ खुपसलं. रडू कसलं ते, इतक्या वर्षांचं तुंबलेलं. पाठ हलत होती. अंकावर थेंब पडेल म्हणून त्याने तोंड बाजूला केलं, तेवढी जमवणाऱ्याची जात अजून शिल्लक होती. मग तीही गेली. एक थेंब घडीवर पडला आणि घडीच्या रेघेतून हळूहळू पलीकडच्या पानाकडे सरकायला लागला.

त्याने तो पुसला नाही. डोळे मिटून तो तसाच उजवीकडे पडून राहिला, डावी बाजू मोकळी ठेवून, लहानपणी राहायचा तसा.

बाबा खांबापासून उठले. गुडघे धरत धरत आले, त्या मोकळ्या जागेत घोंगडीच्या कडेला बसले. वाकले. डाव्या कानाशी तोंड नेलं, आणि कुणी ऐकू नये अशा बेताने म्हणाले,

"पालट."